दाराची भेग बोटभर असतानाच बुजवा

२०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाच्या १२ हजारांच्या अनुदानातून गावोगावी संडास बांधले गेले. आपल्या चामोर्शी तालुक्यातही अनेकांनी संडास-न्हाणीला प्लास्टिकचं, म्हणजे पीव्हीसीचं दार लावलं आहे. ते पाण्याने सडत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण मे महिन्याचं ऊन त्याला सोसत नाही. वर्षानुवर्षं ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, त्यात दार वाऱ्याने आपटतं आणि कब्ज्याच्या स्क्रूपाशी पहिली भेग पडते. ती वाढून दार निखळलं की संडासात सरपण भरतात, आणि घरातल्या बायापोरी पुन्हा अंधारात बाहेर निघतात. वाघ-बिबट्याच्या मुलखात हे होता कामा नये.

म्हणून आधी कब्जे घट्ट करा, नाहीतर बुजवलेली भेग पुन्हा उघडेल. भेग जिथे संपते, तिथे बारीक छिद्र पाडा. तिचं पुढे सरकणं थांबतं. साबणाचा थर, चिकटा धुऊन दार पूर्ण कोरडं होऊ द्या. कडा पॉलिश पेपरने खरवडा, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर काही टिकत नाही. मग एम-सीलसारख्या मसाल्याचे दोन्ही भाग सारखे घेऊन, एकच रंग येईपर्यंत मळा आणि भेगेत आतपर्यंत दाबा. हातात मोजे हवेतच. रात्रभर दार हलवू नका. भिंतीची उरलेली पुट्टी मात्र इथे वापरू नका. दार लवतं, पुट्टी लवत नाही. ती खपली होऊन गळते.

उरलेला मसाला फेकू नका. लागेल तेवढाच कापून घ्या आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट गुंडाळा. एकमेकांना लागले की तिथेच दगड होतात. मसाला ट्यूबमधला असेल तर ट्यूबची तोंडं पुसा आणि झाकणांची अदलाबदल होऊ देऊ नका. टिनाच्या छपराखाली ठेवू नका, आतल्या थंड खोलीत, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पाइप जोडायचं सोल्युशन घरात उरलं असेल तर तेही चुलीपासून लांबच ठेवा, ते पेट घेतं.

तुटलेला तुकडा चुलीत घालू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. मृग लागायच्या आत एकदा आपल्या दाराचे कब्जे नीट पाहून घ्या, आणि शेजारी म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर त्यांचंही दार पाहा.