जीपचे तोंड कोणाचे?

मोटारीच्या पुढच्या जाळीवर कॉलेजच्या वार्षिकात लेख लिहावा, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. वार्षिक म्हटले की पहिल्या पावसाचे वर्णन, हुंड्यावरचा निबंध आणि सहलीचा वृत्तान्त हवा. परंतु ज्या वस्तूवर एखाद्या घराचे पोट चालते, तिच्या रूपाविषयी मत मांडण्याचा अधिकार त्या घरातल्या मुलीला असायला हरकत नसावी. आमचे घर जीपवर चालते. वडील गावाहून तालुक्याला वडाप करतात. त्याच मिळकतीतून माझी फी आणि शनिवार पेठेतल्या खोलीचे भाडे जाते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

गॅरेजमध्ये या जाळीला 'शो' म्हणतात. नाव फसवे आहे, कारण जीपची जाळी शोभेसाठी जन्मलीच नाही. आतल्या रेडिएटरला वारा मिळावा आणि त्याला दगड लागू नये, एवढेच तिचे काम. जाळीत चिखल आणि पाचट अडकले की घाटात गाडी तापते, हे वडापवाल्याच्या मुलीला पुस्तकात वाचावे लागत नाही. १९४१ सालच्या पहिल्या विलिस लष्करी जीपांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने पत्रा दाबून उभ्या फटींची जाळी काढली. ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून विलिसनेही तीच घेतली. तिला नऊ फटी होत्या. युद्ध संपल्यावर, १९४५ साली नागरी जीप आली. तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या. ज्या सात फटींसाठी आज माणसे हातघाईवर येतात, त्यांचा इतिहास असा साधा आणि काटकसरीचा आहे.

१९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात केली आणि ते तोंड आपल्या रस्त्यांवर आले. पुढे ते इतके आपले झाले, की गाडी कोणत्याही कंपनीची असो, खेड्यातला माणूस तिला 'जीप'च म्हणू लागला.

मग हे तोंड कोणाचे? हा प्रश्न खरोखरच न्यायासनासमोर गेला. महिंद्रांनी २०१८ साली अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची, केवळ आडरानात चालवायची गाडी आणली. जीपचे नाव तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या फियाट क्रायस्लर कंपनीने तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. २०२० साली आयोगाचा निर्णय महिंद्रांच्या विरुद्ध गेला. वाद एकट्या जाळीचा नव्हता. सपाट बाजू, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या, उभ्या फटी, असा सगळा चेहरामोहराच वादात होता. मग रॉक्सरचे तोंड बदलण्यात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नव्या रूपाला मोकळीक मिळाली. गंमत पाहा: सात फटींची जीप कंपास २०१७ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होऊ लागली आणि थार तयार होते नाशिकला. भांडण अमेरिकेत, पण दोन्ही तोंडे घडतात महाराष्ट्राच्या मातीत!

२०२० साली थार नव्या रूपात आली, तेव्हा तिची जाळी अनेकांना रुचली नाही. जुना बाणा गेला, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. २०२४ सालच्या थार रॉक्सला सहा खणांची जाळी आली आणि पुन्हा मोजामोज सुरू झाली. हे आपल्याकडेच होते असे नाही. बीएमडब्ल्यूच्या मोटारींना १९३३ पासून जोडजाळी आहे. २०२० साली स्पोर्ट्स मोटारीवर ती उंच केली, तेव्हा जगभरच्या शौकिनांनी आकाशपाताळ एक केले.

या मोजामोजीत एक प्रश्न कोणीच विचारत नाही, याचे मला नवल वाटते. गाडीत माणसे किती बसतात? तीन दारांच्या नव्या थारमध्ये चार. आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी एवढी माणसे नुसती टपाला लोंबकळत असतात! सुरक्षित प्रवासाचा हा नमुना आहे असे मी म्हणत नाही. पण जीप कोणाच्या उपयोगाची होती, ते यावरून कळावे.

यावर कोणी म्हणेल, त्याच कंपनीची बोलेरो आहे की! अगदी खरे. माझा मुद्दाही तोच आहे. २००० साली आलेल्या बोलेरोचे तोंड आजवर अनेकदा बदलले. त्यावर खेड्यात कोणी अश्रू ढाळले नाहीत, कारण ती पेशंट नेते, वऱ्हाड नेते, खताची पोतीही नेते. काम टिकले म्हणून तोंडाची काळजी कोणाला वाटली नाही. जिथे काम सुटले, तिथेच फटी मोजण्याची पाळी आली.

आपल्या पेठेत याचा दाखला रोज डोळ्यांसमोर आहे. १८२८ सालच्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या, दिल्ली दरवाजा आणि तट उरले. दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. ते कामाचे होते, म्हणून आजही भारदस्त दिसतात. आणि जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत फ्लॅटच्या दाराला पितळी खिळे लावतात, ते कोणत्या हत्तीसाठी?

मी पुण्यात आले तेव्हा माझी बोली सुधारावी, असा सल्ला मला अनेकांनी दिला. 'पानी' म्हणू नकोस, 'पाणी' म्हण. मी म्हणू लागले. त्यात मला लाज वाटत नाही. पण उद्या गावची एखादी मावशी सातबारा घेऊन आली आणि तो तिला समजेल असा वाचून दाखवणे मला जमले नाही, तर माझी शुद्ध भाषा काय करायची? आणि मुद्दाम 'पानी' म्हणत राहिले, पण मावशीला दारातच उभे ठेवले, तर त्या जुन्या बोलीचे तरी काय लोणचे घालायचे?

म्हणून माझे मत असे: जुन्या गाडीला नवे रूप देणाऱ्याने जाळीच्या फटी पाच ठेवाव्या, सहा ठेवाव्या की सात, हे त्याने खुशाल ठरवावे; कायदा आड आला तर बदलाव्या. पण त्या तोंडाने जे काम इतकी वर्षे केले, ते गाडीतून काढून घेऊन नुसते तोंड विकू नये. आणि घेणाऱ्यानेही बॉनेटसमोर उभे राहून फटी मोजण्याआधी मागचे दार उघडून पाहावे.