बॉनेटखालचे सोवळे

आमच्या गोव्यातल्या शिकलेल्या मराठी माणसाला गाडी हवी असते, गाडीची माहिती मात्र नको असते. नवी गाडी शोरूममधून निघते ती थेट देवळात. नारळ, लिंबू, दसऱ्याला रोजांच्या माळा. पूजा सगळी बॉनेटवर. खाली काय आहे ते पाहणे हे काम गॅरेजवाल्याचे. आपले हात काळे होतील ना! मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आणि सरकारी कारकून आहे, तेव्हा "तुम्हाला टेक्निकल कळतं हो" ही सबब निदान मला तरी कुणी सांगू नये.

कामे ती काय? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेतला की तो निघतो. वजा बाजूची वायर आधी सोडवायची आणि शेवटी जोडायची, एवढाच नियम. काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पाने साचून पाण्याची वाट बुजते, आणि पावसात पाणी पायांखाली उतरते. पाने हाताने काढायची असतात. आम्ही काय करतो? कुजलेल्या वासावर सुगंधी बाटली टांगतो! ब्रेक आणि एअरबॅग यांना मात्र घरी हात लावू नये, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. तिथे गॅरेजच बरे.

खरा घात होतो तो पावसाळ्यात. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी-डिचोलीकडे पाणी घराघरांत शिरले होते. अशा पाण्यात गाडी बंद पडली की आपला माणूस पहिली गोष्ट करतो ती सेल्फ मारण्याची. एकदा, दोनदा, दहादा. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर हवेसारखे ते दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन गेले. पूर विम्यात येतो, पण सेल्फ मारून मोडलेले इंजिन हा 'परिणामी तोटा' म्हणून साध्या पॉलिसीत कंपन्या दावा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हे वेगळे कवच घ्यावे लागते. चावीला हात न लावता गाडी ओढून नेणे, हा उपाय फुकटचा आहे.

पण हे लिहिलेला कागद वाचतो कोण? एजंट म्हणतो "हांगा सही करा", आम्ही करतो. कागद इंग्रजीत. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही मराठीच्या स्थानासाठी कंठशोष करतो आहोत, पण विम्याचा कागद मराठीत मागितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. विमा नियामकाच्या २००२ च्या नियमावलीत विम्याचे कागद घटनेने मान्य केलेल्या भाषांत देता येतील असे म्हटले होते. देता येतील, दिलेच पाहिजेत असे नव्हे. या दोन क्रियापदांतले अंतर कारकुनाइतके कुणाला ठाऊक! मागणाराच नसेल तर 'येतील' तिथेच राहते.

न वाचल्यामुळे शहाणी माणसेही बंपरच्या दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी दावा करतात आणि नो क्लेम बोनस घालवतात. पाच वर्षे दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, नव्या गाडीलाही मिळतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की गेला. असो.

आणि आता ज्याबद्दल आपल्यात कुणी मोठ्याने बोलत नाही ते. पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी पर्यटकाला दिवसाच्या भाड्याने द्यायची, याला आपल्याकडे 'चार पैसे सुटतात' म्हणतात. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो, तो साफ लिहिलेला असतो. अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. कुणी मेला, तर न्यायाधिकरण कित्येकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. पर्यटक तोवर आपल्या गावी पोचलेला असतो, आणि नोटीस येते ती मालकाच्या घरी. तीही इंग्रजीत.