मुकी तबकडी

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला आणि मराठी चित्रपट बोलू लागला. आता घरोघरी उलटा चमत्कार पाहावयास मिळतो. टीव्हीवर खणखणीत बोलणारी लग्नाची डीव्हीडी संगणकातल्या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, की तिची वाचाच बसते! भटजींचे तोंड हलते, मंगलाष्टके नाहीत. सनईवाल्याचे गाल फुगतात, सूर नाही. मग घरात निकाल लागतो : “तबकडी गेली.”

अहो, तबकडी कुठेही गेलेली नसते. तीच व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावून पाहा. तिथे आवाज आला, म्हणजे तो शाबूत आहे. अडचण फक्त भाषेची आहे. आणि भाषेचा मास्तर असल्यामुळे या अडचणीत मला थोडा रस आहे.

डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात ‘व्हीओबी’ जातीच्या फाइली. एकेक फाइल फार तर एक गिगाबाइटची, म्हणून सोहळ्याचे तीन-चार तुकडे पडलेले असतात. व्हीओबी म्हणजे गाठोडे : चित्र आणि ध्वनी एकत्र बांधलेले. चित्र एमपेग-२ पद्धतीचे. ते बहुतेक सॉफ्टवेअरांना वाचता येते. ध्वनी मात्र पुष्कळदा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने दाबून भरलेला असतो. ती वापरण्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत, म्हणून कित्येक सॉफ्टवेअरांनी ती विद्या शिकलीच नाही. तिची पेटंटे २०१७ मध्ये संपली, तरी जुनी सॉफ्टवेअरे अडाणी ती अडाणीच. शिवाय अज्ञान कबूल न करता ती चित्र तेवढे उचलतात आणि आवाज गुपचूप गाळतात. अडलेला शब्द वगळून पुढे वाचणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात!

आमच्या ताईचा मुलगा यंदा आजीवर एक छोटा चित्रपट करायला बसला. साहित्य म्हणजे २००७ मधल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची तबकडी. तीत घाणा भरताना आई जात्यापाशी बसून ओव्या म्हणते आहे. त्या तिने कधी लिहून ठेवल्या नाहीत, आणि आता ती नाही. पडद्यावर खुंट्यावरचा हात फिरत होता, ओठ हलत होते, बाकी शांतता.

“मामा, मागे बासरी टाकतो,” तो म्हणाला.

“बासरी नको रे,” मी म्हटले, “एक वेळ चित्र नसले तरी चालेल.”

उपाय अवघड नाही. प्रथम सगळे फोल्डर संगणकात उतरवून घ्यावे. घरी भरलेल्या डीव्हीड्या कायमच्या टिकत नाहीत, आणि नव्या लॅपटॉपांना त्या घालायला जागाही नसते. मग एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमकडून तुकडे ओळीने जोडून घ्यावेत (शेवटी शून्याचा आकडा असलेली फाइल मेनूची, ती सोडावी), चित्र आहे तसे ठेवावे आणि ध्वनी साध्या, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात काढावा. सेकंदाला ४८,००० नमुने हे डीव्हीडीचे माप राखावे. ४४,१०० हे गाण्यांच्या सीडीचे. हे किचकट वाटले, तर हँडब्रेक सोपा आहे. पण तो चित्र पुन्हा दाबतो, म्हणून मोलाच्या तबकडीसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. वापरलाच, तर फ्रेमचा वेग ‘कॉन्स्टंट’ ठेवावा. नाहीतर आवाज ओठांच्या मागे रेंगाळू लागतो.

आमच्या बाबतीत एफएफएमपेगलाही प्रथम आवाज सापडेना. कारण फोटोग्राफरची हौस! आरंभी बराच वेळ गुलाबाची फुले नि बदाम उडत होते, तेही निःशब्द. प्रोग्रॅम फाइलीचा थोडासाच भाग चाखून आत काय आहे ते ठरवतो. ‘प्रोब साइझ’ आणि ‘ॲनालाइझ ड्युरेशन’ हे दोन आकडे वाढवले, तेव्हा तो फुलांच्या पलीकडे पोचला. आवाज उशिरा सुरू होत असल्यामुळे वेगळी काढलेली वेव्ह फाइल चित्राच्या पुढे धावत होती; ती मागे सरकवून ओठांशी जुळवली.

आधी जात्याची घरघर आली, मग आई. भाचा हेडफोन काढून माझ्याकडे पाहू लागला. मी पेन्सिल घेऊन बसलो. अकरा ओव्या उतरल्या. बारावीवर फोटोग्राफर “काकू, इकडे बघा!” म्हणून ओरडला आहे; ती अजून लागत नाही. ताईला विचारून पाहणार आहे.