महिनाभरात दाढ?

चेन्नईतल्या गिंडीत अण्णा सालईवर तमिळनाडू डॉ. एमजीआर वैद्यकीय विद्यापीठ आहे. राज्यातल्या कितीतरी दंत महाविद्यालयांच्या परीक्षा तिथूनच चालतात. त्याच गिंडीतल्या आयटी कंपन्यांत मुलगा-सून असली, की आपली मंडळी महिनाभर राहायला जातात आणि म्हणतात, ‘तेवढ्यात पडलेल्या दाढेचं इम्प्लांटही उरकून येऊ.’ इथेच हिशेब फसतो. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवायला तासभर पुरतो, पण हाडाने त्याला आपलंसं करायला साधारण तीन ते सहा महिने लागतात; वरचा जबडा पोकळसर, तो जास्तच वेळ घेतो. कॅप बहुधा त्यानंतर. स्वीडनचे संशोधक ब्रानेमार्क यांना हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे सापडलं सशाच्या पायात, 1952 च्या सुमारास. माणसाच्या तोंडात पहिला प्रयोग 1965 मध्ये झाला, आणि त्या रुग्णाचे ते दात चाळीस वर्षं टिकले. दातांच्या पुलासाठी (ब्रिजसाठी) शेजारचे धडधाकट दात कोरावे लागतात, इम्प्लांटला नाही; म्हणून खर्च परवडत असेल तर माझं मत इम्प्लांटलाच. पण साखर आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-मिश्री सुटत नसेल, तर आधी तिकडे बघा. (कवळीलाही नाक मुरडू नका, ती बिचारी आजही लाखोंना भाकरी चावू देते.) आणि स्क्रूच्या पाकिटावरचं कंपनी नि बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून फाइलला लावा, पुढे गावाकडच्या डॉक्टरांना दुरुस्ती करायची वेळ आली, तर तेच लागेल.