झाडूचा हिशेब मांडा

दोस्तांनो, 'शाश्वत शहर' हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. विद्यापीठ म्हणतं, संशोधन करू. नगरपालिका म्हणते, करार करू. खुशाल करा! पण या देशात आजवर शाश्वत काय राहिलं? जात, आणि आपल्या हातातला झाडू. मी गोदीत ओझी वाहणारा मॅट्रिक पास गडी. मला एवढंच विचारायचंय : तुमच्या हिशेबात घाण उचलणाऱ्याची मजुरी धरणार का?

पुण्यात ती धरली गेली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली माणसं कचरा वेचणाऱ्या बायांबरोबर उकिरड्यापर्यंत गेली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाया बहुतेक आपल्याच, दलित वस्तीतल्या. १९९६ पासून महापालिकेनं मान्य केलेली ओळखपत्रं त्यांच्या गळ्यात आली. २००१ च्या अभ्यासानं आकडाच मांडला : एकेक बाई महिन्याला २४६ रुपयांचं काम पालिकेला फुकट करून देते. ज्यांना चोर म्हणून हाकलत होते, त्यांचंच शहर देणं लागत होतं! पुढं पालिकेला त्यांचा आरोग्यविमा भरावा लागला. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी करार करावा लागला. हे कुणाच्या दयेनं झालं नाही. हिशेब होता आणि हिशेबामागं संघटना होती.

आता आपलं तासगाव. बेदाण्याच्या सौद्याचं गाव, गणपतीच्या रथाचं गाव. रथ ओढायला हजार हात लागतात. मागं उरलेला कचरा उचलणारे हात मात्र ठरलेले. सांगली जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतो. विद्यापीठ आणि नगरपरिषद एका टेबलाशी बसणार असतील, तर तिसरी खुर्ची झाडूवाल्या बाईची पाहिजे. मोजणी करायला वस्तीतली पोरं घ्या, त्यांना रोजगार द्या. अहवाल मराठीत लिहा, वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. नुसतं किती टन ओला, किती टन सुका एवढंच मोजाल, तर तो कागदही शेवटी आम्हीच वेचणार.

कॉलेजातल्या मित्रांनो, कुणाची वाट बघू नका. वही घ्या, कचरा डेपोवर जा. किती तास, किती पगार, हातमोजे आहेत का, विचारा आणि लिहा. फुकटात राबवून घेतलेल्या घामाची बाकी आधी वसूल करू. शहर मग टिकतंय का बघू.