बोट उलटली : कर्ता कोण?

२०१८ सालच्या जानेवारीतला दुसरा शनिवार, तारीख १३. संक्रांत दुसऱ्या दिवसावर आलेली. त्या सकाळी डहाणूच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोनेक सागरी मैलांवर सुमारे ४० विद्यार्थ्यांना सहलीसाठी घेऊन गेलेली बोट उलटली. बहुतेक मुले वाचली. तीन विद्यार्थिनी वाचल्या नाहीत. त्याच सकाळी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेले पवनहंसचे हेलिकॉप्टर मुंबईजवळच्या समुद्रात कोसळले. त्यात दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी होते. सातांपैकी कोणीही परतले नाही. तटरक्षक दलाच्या बोटी आणि विमाने एकाच दिवशी दोन दिशांना धावत होती, आणि हेलिकॉप्टरचा शोध रविवारीही संपला नव्हता.

त्या शनिवार-रविवारची आठवण आम्ही आज काढतो आहोत ती शोकासाठी नव्हे. आमचा विषय भाषा हा आहे. अशा प्रसंगी मराठीत जे लिहिले जाते, छापले जाते आणि आपण सारे जे सवयीने वाचून पुढे जातो, त्याकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने एकदा थांबून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शब्द आपल्या परिचयाचे आहेत. बोट 'जलसमाधी' घेते. सहलीवर 'काळाचा घाला' पडतो. समुद्र माणसे 'गिळतो'. जे वाचतात ते 'दैव बलवत्तर म्हणून' वाचतात. यांतला एकही शब्द वाईट नाही. प्रत्येकाला आपली परंपरा आहे. 'समाधी' हा तर आपल्या भाषेतल्या अत्यंत आदराच्या शब्दांपैकी एक. पण समाधी घेतली जाते ती स्वेच्छेने, पूर्ण जाणिवेने. डहाणूच्या मुली सहलीला गेल्या होत्या. त्यांच्या मृत्यूला त्या शब्दाची शाल पांघरली की एक प्रश्न आपोआप झाकला जातो : त्या बोटीत किती माणसे बसवायची होती आणि किती बसवली? त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे का नव्हती?

आता हेच व्याकरणाच्या अंगाने पाहू. 'बोट उलटली' या वाक्यात क्रियापद अकर्मक आहे आणि कर्ता बोट आहे. 'समुद्राने तिघींना गिळले' यात कर्ता समुद्र आहे. 'इशारा देण्यात आला होता' या कचेरीतल्या रचनेत कर्ताच नाही. इशारा कोणी दिला आणि कोणी ऐकला नाही, दोघेही वाक्याबाहेर उभे आहेत. शाळेत प्रयोग शिकवताना आपण राम आंबा खातो आणि रामाने आंबा खाल्ला यांतच गुंतून राहतो. कर्ता वाक्यातून नाहीसा होतो तेव्हा जगात काय घडते, हे शिकवायला अपघाताच्या बातमीइतका चांगला उतारा दुसरा नाही.

उदाहरणार्थ, १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात बार्ज पी-३०५ नांगर तुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती. ती आणि 'वरप्रदा' ही टगबोट मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. नौदलाने आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना जिवंत बाहेर काढले. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. 'वादळाने बळी घेतले' हे वाक्य खोटे नाही. पण वादळ येणार हे ठाऊक असताना माणसे समुद्रात का राहिली, हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. वादळाला कर्तेपद देऊन आपण फक्त चौकशीची दिशा बदलतो.

आम्ही हे लिहितो आहोत ते वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यातून. समुद्र येथून शेकडो कोस. आमच्या अडाण आणि अरुणावती या नद्या पैनगंगेला मिळतात आणि आमचे पाणी शेवटी जाते ते बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्राशी आमचा पाण्याचाही संबंध नाही. तेव्हा तुम्हाला समुद्राचे काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. आमचे उत्तर असे की, मराठी साहित्याचा फार मोठा भाग आमच्यासारखाच देशावर, समुद्रापासून दूर घडलेला आहे. आपल्या संतांच्या वाणीत समुद्र आहे तो भवसागर म्हणून. नाव आहे ती नामाची, नावाडी आहे तो विठ्ठल. देशावरच्या माणसाने समुद्र आधी रूपकात पाहिला आणि मग, पाहिलाच तर, डोळ्यांनी. पुढे सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राला हाक दिली, कुसुमाग्रजांनी कोलंबसाच्या तोंडून त्याला आव्हान दिले. या कविता थोर आहेत यात शंका नाही. पण त्यांतला समुद्र कधी आप्त आहे, कधी वैरी. तो मनुष्यरूप आहे. ज्याच्यावर भाडे भरून माणसे ये-जा करतात, जिथे परवाना लागतो, जिथे बोटीची क्षमता फळ्यावर लिहिलेली असावी लागते, तो समुद्र आपल्या वाङ्मयात फार थोडा आहे. बातमीदार बिचारा आपल्याच शाळांतून शिकतो. त्याच्या लेखणीत समुद्र राक्षस होऊन उतरला तर त्याला आपणही थोडे जबाबदार आहोत.

रूपक आणि वास्तव यांची विलक्षण गाठ आपल्याच इतिहासात पडलेली आहे. कोकणच्या आगबोटींना आपण संतांची नावे दिली. 'तुकाराम' नावाची बोट १९२७ साली बुडाली. 'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली. आषाढाचे शेवटचे दिवस, ऐन पावसाळा, बोट खच्चून भरलेली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे सकाळी घडलेली गोष्ट मुंबईला कळायला दुपार उलटून गेली. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा पुढच्या दोन वर्षांत समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता; बिनतारी यंत्र आणि पुरेशा जीवनौका हे त्यातले मुख्य आग्रह. तेव्हा 'रामदास'वर काय नव्हते आणि का नव्हते, हे विचारायला शब्द उपलब्ध होते. लोकस्मृतीत मात्र उरली ती जलसमाधी. भवसागर तारून नेणाऱ्याचे नाव आहे, मग बोट बुडणारच नाही, असे कोणी म्हणाले नसेल. पण नाव देताना जी श्रद्धा दाखवली ती तपासणीतही दिसती तर बरे झाले असते.

या कथेचा दुसरा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईच्या बाजारी निघालेल्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकली आणि त्या जागी माणसे भरून आणली, असे सांगितले जाते. येथे कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे आणि किंमतही आहे. डहाणूलाही पहिल्यांदा धावले ते स्थानिक मच्छीमार. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट इंजिनाची चाचणी चालू असताना ताबा सुटून आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही आसपासच्या बोटींनी तत्काळ माणसे उचलून घेतली. पण 'प्रवाशांना वाचवण्यात यश आले' असे आपण लिहितो. म्हणजे दोष देताना जो कर्ता गाळला जातो, तोच श्रेय देतानाही गाळला जातो. 'दैव बलवत्तर' म्हटले की मासळी फेकणारे हात दिसेनासे होतात.

भारतीय तटरक्षक दलाचे ब्रीद आहे 'वयं रक्षामः'. आम्ही रक्षण करतो. दोन शब्दांचे पूर्ण वाक्य. कर्ता प्रथमपुरुषी, क्रियापद वर्तमानकाळी, प्रयोग कर्तरी. अपघाताची भाषा कशी असावी याचा याहून सुटसुटीत नमुना आम्हाला सापडलेला नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दुःखाला रूपक लागते. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला क्षमतेचा आकडा नको असतो. त्याला 'समाधी' या शब्दातली शांतता हवी असते. पानिपतची बातमी मराठ्यांनी मोती आणि मोहरा यांच्या हिशोबात सांगितली, कारण माणसांच्या हिशोबात ती सांगवत नव्हती. हे आम्हाला मान्य आहे. विलापिकेचा रूपकावरचा हक्क कोणी काढून घेऊ नये. मात्र विलापिका आणि नोंद हे दोन निराळे वाङ्मयप्रकार आहेत. वेळ, ठिकाण, बोटीची क्षमता, बसलेली माणसे, जाकिटे, पहिली मदत कोणाची : ही नोंद आहे, आणि नोंद पुरी झाल्याशिवाय केलेला विलाप पुढच्या अपघाताला मोकळी वाट करून देतो.

रूपक नेहमीच कर्त्याला झाकते असेही नाही. आमच्याच तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचे परमश्रद्धास्थान आणि संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. सेवालालांना 'मोतीवाळो' हे नाव कसे पडले याची एक कथा सांगतात : मुंबईच्या किनाऱ्याशी अडकून पडलेले परक्या खलाशांचे जहाज त्यांनी मोकळे केले आणि खलाशांनी त्यांना मोती दिले. कथेचे ऐतिहासिक प्रमाण शोधण्याचे हे स्थळ नव्हे. लमाण या शब्दाचे मूळ 'लवण' म्हणजे मीठ हे असल्याचे मानले जाते. किनाऱ्याचे मीठ बैलांच्या पाठीवरून आतल्या मुलखात आणणाऱ्यांनी समुद्राची गोष्टही आणली असेल, यात नवल नाही. पण त्या गोष्टीचे व्याकरण पाहा. जहाज अडकले, एका माणसाने ते सोडवले, त्याचे नाव राहिले. लोककथेला जे जमते ते आपल्या गद्याला का जमू नये?

आणि हा प्रश्न किनाऱ्यापुरता नाही. ९ जुलै २०१७ च्या रविवारी नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ तरुण गेले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत ११ जण गेले. २१ मे २०२४ रोजी उजनीत सहा जण. आणि दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरेच्या पात्रात बुडालेल्यांना शोधायला उतरलेल्या आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटून तिघे जवान गेले. धरणावर आणि नदीवर तटरक्षक दल नसते. तेथे असतो तो भोई, गावातला पोहणारा, आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. अंतर्देशीय जलयानांसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. पण कायदा नावेपर्यंत पोहोचतो तो कोणीतरी विचारल्यावर, आणि विचारण्यासाठी वाक्यात कर्ता असावा लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या वर्गात वर्षातून एक तास अपघाताची एक बातमी वाचावी. विद्यार्थ्यांनी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी आणि बाजूला त्याचा कर्ता लिहावा. जिथे कर्ता समुद्र, काळ किंवा दैव निघेल तिथे प्रश्नचिन्ह करावे. मग तीच बातमी माणसांना कर्ता करून पुन्हा लिहावी. जिथे नाव माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवावी. त्या कोऱ्या जागा किती आहेत हे एकदा मोजले, की चौकशी कुठून सुरू करायची ते वेगळे सांगावे लागणार नाही.