गोल्ड स्टार आणि आपलं वर्कशॉप

मित्रांनो, ज्याच्या मोबाइलवर एकाही बाइकचा फोटो नाही असा हॉस्टेलवासी शोधून दाखवा! हल्ली या फोटोंमध्ये एक जुनं नाव पुन्हा दिसतंय, बीएसए गोल्ड स्टार. १५ ऑगस्ट २०२४ ला ती भारतात आली. ६५२ सीसी, किंमत तीन लाखांच्या घरात. मेसमध्ये चर्चा होते ती किमतीची आणि लूकची. मला बोलायचंय ते तिच्या नावाबद्दल.

लंडनजवळच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर लॅप मारणाऱ्याला सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. ३० जून १९३७ ला वॉल हँडली यांनी बीएसएच्या ‘एम्पायर स्टार’वर तो मिळवला. पुढच्या वर्षी कंपनीने नव्या मॉडेलचं नावच ‘गोल्ड स्टार’ ठेवलं. म्हणजे हे नाव कुणा जाहिरातवाल्याला सुचलेलं नव्हतं, ते ट्रॅकवर कमावलेलं होतं. पुढे १९४९ ते १९५६ आयल ऑफ मॅनच्या क्लबमन्स टीटी रेसमध्ये हिचाच दबदबा होता. गाडीसोबत गिऱ्हाइकाला इंजिनाच्या डायनॅमोमीटर टेस्टचा कागद मिळायचा. आपण प्रॅक्टिकलला रीडिंग्ज ‘अॅडजस्ट’ करतो, तसलं काही नाही!

१९६३ मध्ये लुकास कंपनीने त्यात लागणारा मॅग्नेटो बनवणं थांबवलं आणि गोल्ड स्टार बंद झाली. एका पार्टपायी अख्खी गाडी गेली! पुढे बीएसएही बुडाली. २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सने सुमारे २८ कोटींना हा ब्रँड घेतला, आणि नवी गोल्ड स्टार पिथमपूरला बनू लागली.

पिथमपूर म्हणजे काही परदेश नव्हे. जळगावहून पारोळामार्गे धुळे गाठा, मग आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत वर जा. इंदूरच्या अलीकडेच ते येतं.

काही जण म्हणतात, नुसतं नाव विकत घेतलं, रेसिंग कुठाय? त्यात तथ्य आहे. नवी गाडी आरामात फिरायची आहे, शर्यतीची नाही. पण आपल्याला नाकं मुरडायचा काय अधिकार? त्याच पिथमपूरला २००७ पासून ‘बाहा’ स्पर्धा होत आली आहे. इंजिनियरिंगची पोरं स्वतः फ्रेम वेल्ड करतात, सस्पेन्शन बसवतात, ब्रेक टेस्ट देतात आणि शेवटी चार तास चिखल-दगडांतून गाडी पळवतात. डिझाइन असंच का केलं, हे परीक्षकांना पटवावं लागतं. तिथे नेटवरून आणलेला रिपोर्ट चालत नाही.

आपलं काय? वर्कशॉपला पाचच्या ठोक्याला कुलूप. फर्स्ट इयरला जॉब केला, मार्क मिळाले, पुन्हा फाइल हातात घेतली नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार मिळतो, बाइंडिंगसकट. आणि प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत सांगायचं, ‘आय लव्ह ऑटोमोबाइल्स’!

सर आणि मॅडम, एवढंच मागणं आहे. आठवड्यातून तीन दिवस वर्कशॉप रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. एक इन्स्ट्रक्टर आणि भंगारातलं एक इंजिन द्या. मुलींनाही त्या वेळी हॉस्टेलबाहेर थांबायची परवानगी द्या, पाने आम्हालाही फिरवता येतात. आणि मित्रांनो, कुलूप निघालं तर यायचं मात्र आपल्याला आहे. पहिल्या वर्षी आपली गाडी ब्रेक टेस्टलाच अडकेल कदाचित. अडकू दे. निदान ती आपण बनवलेली असेल.